दगडीच्या मुळाशी जिवाणूंचे कवच

कासदाहावर प्रतिजैविकांचा पूर्ण उपचार देऊनही काही दिवसांत त्याच सडातून पुन्हा गुठळ्या येऊ लागतात, ही पशुपालकांची नित्याची तक्रार आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र तेच औषध त्या जिवाणूवर प्रभावी असल्याचे नमूद असते. मग दोष कोणाचा? पुष्कळदा औषधाचाही नसतो आणि पशुपालकाचाही नसतो.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कासेतील दूधनलिकांच्या अस्तराला चिकटून वाढतो. शर्करा, प्रथिने आणि मृत पेशींतून सुटलेला डीएनए यांचा बुळबुळीत थर तो स्वतःभोवती उभारतो. यालाच जैवपटल अथवा बायोफिल्म म्हणतात. या उभारणीस साहाय्य करणारे ‘बॅप’ नावाचे प्रथिन २००१ साली प्रथम वर्णिले गेले, तेही कासदाहग्रस्त गाईंतील जिवाणूंमध्येच.

थरामुळे औषध आत झिरपण्यास विलंब होतो, परंतु खरी अडचण निराळी आहे. थराच्या तळाशी अन्न व प्राणवायू अपुरा पडल्याने तेथील पेशी सुस्तावतात. पेनिसिलिनसारखी औषधे वाढत्या पेशीच्या भित्तिकेवर आघात करतात. जी पेशी वाढतच नाही, तिच्यापुढे ती हतबल ठरतात. उपचार थांबताच या पेशी पुन्हा जाग्या होतात. संवेदनशीलता चाचणी मोकळ्या तरंगणाऱ्या जिवाणूंवर होत असल्याने अहवाल आणि गोठ्यातील अनुभव जुळत नाहीत. जैवपटलातील जिवाणू मारण्यास कधी कधी शेकडो पट अधिक मात्रा लागते व ती जनावरास देणे शक्य नसते. मात्रा मनाने वाढविल्यास दुधात अवशेष मात्र राहतात.

म्हणूनच संशोधकांचे लक्ष आता कवच फोडण्याकडे वळले आहे. डीएनए व शर्करा तोडणारी विकरे प्रतिजैविकासोबत वापरण्याचे प्रयोग सुरू आहेत. जिवाणूची भित्तिका विरघळविणारे लायसोस्टॅफिन दुधातच स्रवणाऱ्या जनुकीय परिवर्तित जर्सी गाई २००५ साली अमेरिकेत विकसित झाल्या. त्यांच्यात या जिवाणूचा संसर्ग कमी आढळला. जिवाणूभक्षी विषाणूंविषयी मोठी आशा बाळगली जाते. मात्र कच्च्या दुधातील निवळीची प्रथिने जिवाणूस चिकटून या विषाणूंची वाट अडवितात आणि दुभत्या गाईंवरील प्रयोगांत यश अल्पच लाभले. परीक्षानळीतील यशावरून गोठ्यातील यश गृहीत धरू नये, हे येथे स्पष्ट दिसते.

तूर्त हाती असलेले उपायही कमी मोलाचे नाहीत. सुप्त कासदाह कॅलिफोर्निया चाचणीने लवकर ओळखल्यास थर पक्का होण्यापूर्वी उपचार करता येतो. जुनाट सडांवर दुभत्या काळापेक्षा गाय आटविताना, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, केलेला उपचार अधिक फलदायी ठरतो. बाधित गाय कळपातून काढावी, असे ग्रंथ सांगतात. दोन-तीन जनावरांच्या गोठ्यात ते सोपे नाही. तेथे तिची धार निदान सर्वांत शेवटी काढावी. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी, म्हणजे सडाचे छिद्र मिटेपर्यंत जनावर उभे राहते. दूधयंत्राच्या रबरी नळ्यांतही असाच थर साचतो. त्या प्रथम कोमट पाण्याने, नंतर गरम अल्कधर्मी द्रावणाने व अधूनमधून आम्लयुक्त द्रावणाने धुवाव्यात आणि चिरा पडलेले रबर त्वरित बदलावे.