रस्त्यावरचा इतिहास : बर्लिनमधली ज्यूंच्या छळाची स्मारके आणि आपला वर्ग



दुसरे महायुद्ध शिकवताना एक आकडा हमखास येतो. नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारले. मुले तो आकडा वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि विसरतात. इतका मोठा आकडा मनाला भिडत नाही. शिवाय एखाद्या चौकस मुलाने विचारलंच, "सर, हे सगळं होत असताना शेजारचे लोक काय करत होते?" तर पाठ्यपुस्तकात त्याचं नीट उत्तर सापडत नाही.

बर्लिन शहराने हे उत्तर आपल्या रस्त्यांवर मांडून ठेवलं आहे. तिथली काही स्मारके आपण समजून घेऊ.

१. दिव्याच्या खांबांवरचे नियम

बर्लिनच्या शोनेबर्ग भागात 'बव्हेरियन क्वार्टर' नावाची वस्ती आहे. नाझींच्या आधी इथे डॉक्टर, वकील, व्यापारी अशी बरीच ज्यू कुटुंबे राहत. अल्बर्ट आइनस्टाइनही इथेच राहत होते. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या कलाकारांनी १९९३ मध्ये इथल्या दिव्याच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. पाटीच्या एका बाजूला साधंसं चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला त्या काळातला ज्यूंविरुद्धचा एखादा नियम, तारखेसह किंवा वर्षासह.

पावाच्या चित्रामागे लिहिलंय, की बर्लिनमधल्या ज्यूंनी अन्नपदार्थ फक्त दुपारी चार ते पाच या वेळातच विकत घ्यावेत (१९४०). थर्मामीटरच्या मागे : ज्यू डॉक्टरांना व्यवसाय करायला बंदी (१९३८). लंगडी घालून खेळायला जमिनीवर आखतात तशा चौकोनांच्या मागे : 'आर्य' आणि 'अनार्य' मुलांनी एकत्र खेळू नये (१९३८). इतर पाट्यांवर बागेतली ठरावीक बाके, शाळा, रेडिओ, टेलिफोन, घरात पाळलेले प्राणी असं एकेक येत जातं.

या पाट्या तारखेनुसार लावून पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं. छळाची सुरुवात छावणीपासून झाली नाही. ती बाग, दुकान, शाळा, गायनमंडळ इथून झाली, आणि हे सगळं शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. प्रत्येक नियम सुटा पाहिला तर 'एवढंच ना?' असा वाटण्याजोगा. असे करत करत माणसे हळूहळू वस्तीतून वेगळी पाडली गेली आणि १९४१ पासून त्यांना घरातून उचलून नेलं, तेव्हा फार थोडे लोक मध्ये पडले.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. पाट्या लावल्या जात होत्या तेव्हा काही रहिवाशांना हा ज्यूंविरुद्धचा नवा प्रचारच वाटला. त्यांनी तक्रार केली आणि पोलिसांनी काही पाट्या उतरवल्या. नंतर हे स्मारक असल्याचं सांगणारी छोटी पट्टी खाली जोडून पाट्या पुन्हा लावल्या. १९९३ मध्ये लोकांनी तक्रार केली. मूळ नियम निघाले तेव्हा असं किती जणांनी केलं असेल?

२. पायाखालची नावे

दुसरं स्मारक फुटपाथवर आहे. जर्मन भाषेत त्याला 'स्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे अडखळायला लावणारा दगड. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा आणि वर पितळी पत्रा. त्यावर 'इथे राहत होते' असं लिहून नाव, जन्मवर्ष, कधी नेलं आणि पुढे काय झालं एवढाच मजकूर. तो बहुधा त्या माणसाच्या शेवटच्या, स्वतः निवडलेल्या घरासमोर बसवतात. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं. २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसवला गेला. ज्यूंबरोबरच नाझींनी छळलेल्या रोमा आणि इतर लोकांचेही दगड आहेत. अनेक ठिकाणी शाळेची मुले माहिती शोधतात, पितळ काळं पडलं की ते घासून स्वच्छ करतात.

पण सगळ्यांना हे पटलेलं नाही. म्युनिकमधल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लॉख स्वतः त्या काळातून वाचलेल्या. मृतांची नावे पुन्हा पायाखाली येऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. म्युनिकने सार्वजनिक जागेत हे दगड बसवू दिले नाहीत. तिथे भिंतीवर पट्ट्या किंवा उभे खांब लावतात. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. चर्चेला याहून चांगला विषय नाही.

३. फलाट क्रमांक १७

ग्रुनेवाल्ड स्टेशनवरून १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी सुटली. आज १७ नंबरच्या फलाटाच्या कडेने १८६ लोखंडी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते ठिकाण. रुळांमध्ये झाडं वाढू दिली आहेत, म्हणजे तिथून पुन्हा कधी गाडी सुटू नये.

शहराच्या मध्यभागी पीटर आयझेनमन यांचं मोठं स्मारकही आहे. तिथे २,७११ काँक्रीटचे ठोकळे आहेत, ते २००५ मध्ये खुलं झालं. ठोकळ्यांवर एकही नाव नाही. लोक तिथे मुद्दाम जातात. पाट्या आणि दगड मात्र भाजी आणायला निघालेल्या माणसालाही भेटतात.

वर्गात काय करता येईल?

- आधी 'ज्यू म्हणजे कोण' हे आपल्या मातीतून सांगा. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतके मराठी बोलत इथे राहिले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचा इथे असा छळ झाला नाही. म्हणजे वेगळा धर्म असला की वैर येतंच, असं नाही, हे मुलांच्या लक्षात येईल.
- सात-आठ नियम चिठ्ठ्यांवर लिहून मुलांना तारखेनुसार लावायला द्या. मग विचारा, "कोणत्या चिठ्ठीपाशी शेजाऱ्यांनी बोलायला हवं होतं?"
- वर्गातल्या काही मुलांना 'ज्यू' ठरवून वेगळं बसवण्याचा प्रयोग मात्र करू नका. मूल दुखावतं आणि शिकत काहीच नाही. लहान वर्गांत मृतदेहांचे फोटोही टाळा.
- आपल्या गावातल्या पाट्या, पुतळे, चौकांची नावे मुलांना लिहून आणायला सांगा. कोणाची आठवण ठेवली आहे आणि कोणाची राहून गेली आहे?

पालकांनो, हा शेवटचा प्रश्न घरी जेवताना विचारून पाहा. आजी-आजोबांकडे बहुधा एखादं उत्तर असेल.