बिनतारी वाटा : नवा कंट्रोलर, जुना शेजारी

आज सर्टिफिकेटच्या मुदतीवर लिहायचं ठरलं होतं. पण जोयडा तालुक्यातून, गणेशगुडीजवळच्या एका निवासी संस्थेचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वाचकांचं पत्र आलं आणि तो विषय मी बाजूला ठेवला. त्यांची अडचण कंट्रोलर बदलणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी गाठते.

त्यांच्याकडे सिस्कोचे दोन २५०४ कंट्रोलर आहेत. एक वसतिगृहाकडचे एपी सांभाळतो, दुसरा शाळेकडचे. मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून फोनसुद्धा वायफायवरूनच. पावसाळ्यात वीज कोसळली आणि वसतिगृहाचा कंट्रोलर गेला. त्याच मॉडेलचा वापरलेला कंट्रोलर आणला, सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती घातली, बॅकअप चढवला. नाव तेच, आयपी तोच, सगळे एपीही निमूट येऊन जोडले गेले. तरी बोलत बोलत वसतिगृहाकडून शाळेकडे गेलं की कॉल तुटतो. पूर्वी तुटत नव्हता.

सगळे नव्या कंट्रोलरला उलटंपालटं करून पाहताहेत. बघायला हवं शाळेकडच्या कंट्रोलरमध्ये.

मोबिलिटी ग्रुपमधला प्रत्येक कंट्रोलर सोबत्यांची यादी बाळगतो. एकेका ओळीत सोबत्याचा मॅक ॲड्रेस, आयपी आणि ग्रुपचं नाव. बॅकअपमुळे नव्या कंट्रोलरला ही यादी आयती मिळाली. पण मॅक ॲड्रेस यंत्राबरोबर जन्माला येतो, बॅकअपमधून येत नाही. शाळेच्या यादीत अजून जळालेल्या यंत्राचाच मॅक आहे. गावाचं सगळं दप्तर हाती घेऊन नवा तलाठी रुजू झाला तरी गावाला तो नवखाच, तसं हे. आयपी जुळतो, मॅक जुळत नाही, म्हणून दोघांमधला बोगदा उभाच राहत नाही. मग वसतिगृहाकडून आलेला फोन शाळेचा कंट्रोलर नवा पाहुणा समजतो: पुन्हा ओळखतपासणी, आणि दोन्हीकडचे सबनेट वेगळे असल्यानं आयपीही नवा. वेबपान उघडताना हे लक्षातही येत नाही, कॉल मात्र लगेच तुटतो.

शाळेच्या कंट्रोलरवर ‘शो मोबिलिटी समरी’ द्या. वसतिगृहाच्या ओळीपुढे ‘कंट्रोल अँड डेटा पाथ डाउन’ दिसेल. ती ओळ काढा, नव्या मॅकसह पुन्हा लिहा. दोनच कंट्रोलर असतील तर काम चुटकीसरशी होतं. पण एका ग्रुपमध्ये २४ पर्यंत कंट्रोलर असू शकतात आणि प्रत्येकावर हा बदल करावा लागतो. एखादा राहून गेला तर फक्त त्याच्याकडे जातानाच कॉल तुटतो, आणि असा बिघाड महिनोन् महिने सापडत नाही.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘तंत्रज्ञाने नव्यावर व्हर्च्युअल आयपी १.१.१.१ चा १९२.०.२.१ केला.’ दुसरी गाठ इथे आहे, आणि हा माझा फार आवडता विषय. इंटरनेटवर कुणीच वापरत नाही म्हणून १.१.१.१ हा पत्ता वर्षानुवर्षं कंट्रोलरच्या माहितीपुस्तकांत उदाहरण म्हणून छापला जायचा, आणि इंजिनिअर तो जसाच्या तसा भरायचे. २०१० मध्ये १ ने सुरू होणारे पत्ते आशिया-पॅसिफिकसाठीच्या एपनिक या संस्थेकडे गेले. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअरनं नेमक्या १.१.१.१ वर सार्वजनिक डीएनएस सुरू केली. आपल्या कंट्रोलरनंच तो पत्ता अडवून ठेवला असेल, तर ती सेवा गाठणार कशी? १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते खास उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, म्हणजे तंत्रज्ञानं बदल योग्यच केला. मात्र व्हर्च्युअल आयपी ग्रुपमधल्या सगळ्या कंट्रोलरवर एकच लागतो. वेगळा असेल तर रोमिंग झाल्यासारखं दिसतं, पण हस्तांतर पुरं होत नाही आणि फोन काही काळ लटकतो. म्हणून मॅक दुरुस्त केल्यावरही कॉल तुटत राहिला असता. शाळेकडेही १९२.०.२.१ करा. कंट्रोलर रीबूट केल्याशिवाय हा बदल लागू होत नाही, तेव्हा मुलं झोपल्यावरच हात घाला.

नवे ९८०० मालिकेतले कंट्रोलर घेणाऱ्यांना एक सोय आहे: त्यांत मोबिलिटीचा मॅक हातानं ठरवता येतो. यंत्र बदललं तरी तोच मॅक पुन्हा भरायचा, शेजाऱ्यांच्या याद्यांना हात लावावा लागत नाही. पहिल्याच दिवशी हे करून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

सर्टिफिकेटांचं पुढच्या आठवड्यात. तोवर आपापल्या कंट्रोलरवरचं घड्याळ बरोबर आहे ना, तेवढं बघून ठेवा. तिथूनच सुरुवात करू.