७ वर २१ शून्ये आणि एक अक्षर

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते आणि त्या रक्तात पाऊण किलो हिमोग्लोबिन. लॅबच्या रिपोर्टवर 'एचबी १५' असे लिहून येते, त्याचा अर्थ दर १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन. पाऊण किलो ऐकायला किरकोळ वाटते. पण त्यातले रेणू मोजले तर आकडा येतो ७ वर २१ शून्ये.

हिमोग्लोबिनचा एक रेणू इतका लहान की मिलिमीटरभर रेषेवर असे १ लाख ८० हजार रेणू शेजारी-शेजारी मावतील. तरीही एकाच माणसाच्या रक्तातले सगळे रेणू ओळीने मांडता आले, तर ती ओळ सुमारे ३,८०० कोटी किलोमीटर लांब होईल. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ यान आज जवळपास अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचले आहे. आपली ओळ त्याच्याही कितीतरी पुढे जाईल, आणि तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला ३५ तास लागतील.

एवढा पसारा मावतो कुठे? तांबड्या पेशींत. शरीरात त्या सुमारे २५ लाख कोटी आहेत, आणि एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू. प्रत्येक रेणूत लोहाचे ४ अणू आणि प्रत्येक लोहावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. म्हणजे फुफ्फुसातून भरून निघालेली एक पेशी १०० कोटींहून जास्त ऑक्सिजन रेणू घेऊन जाते. इतके करूनही शरीरातल्या सगळ्या हिमोग्लोबिनमधले लोह भरते जेमतेम अडीच ग्रॅम.

तांबडी पेशी १२० दिवस जगते. तिची जागा भरायची, तर अस्थिमज्जेला दर सेकंदाला २४ लाख नव्या पेशी तयार कराव्या लागतात. हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. हिमोग्लोबिनच्या रेणूत अशा ४ साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. सगळी मिळून ५७४ अमिनो आम्ले. तेव्हा दर सेकंदाला लागणाऱ्या हिमोग्लोबिनसाठी ३७ वर १६ शून्ये इतकी अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने जोडली गेली पाहिजेत. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही हे चालूच असते.

या रेणूची घडण उलगडायला मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ साली सुरुवात केली. सुमारे दहा हजार अणूंचा हा रेणू क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांच्या हाती लागला तो १९५९ साली. त्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत मिळाले.

त्याआधी, १९४९ साली, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की सिकलसेल हा रक्ताचा आजार मुळात हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे. रेणूत नेमके काय बिघडते, हे १९५६ साली व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्येच शोधले. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकी सगळे जसेच्या तसे.

हा बदल होतो डीएनएतल्या एका अक्षरामुळे. माणसाच्या जनुकीय मजकुरात ३१० कोटी अक्षरे आहेत. पानावर ३,००० अक्षरे धरून तो छापला, तर ५०० पानी ग्रंथांचे २,००० खंड होतील. त्यांतल्या एका पानावर 'ए'च्या जागी 'टी' पडला, एवढीच चूक. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, व्हॅलिन पाणी टाळणारे. ऑक्सिजन उतरवल्यावर बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब धागे होतात आणि लवचीक गोल पेशी ताठ, विळ्यासारखी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडांत असह्य कळा येतात. अशी पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसच टिकते.

तरीही हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, कारण ज्यांना ते एकाच पालकाकडून मिळते त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडले. मलेरियाच्या मुलखात सिकलसेल जास्त दिसतो तो त्यामुळेच. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत तो घराघरांत माहीत आहे, आणि विदर्भात आदिवासींखेरीज इतर समाजांतही आढळतो. २०४७ पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

एकाच पालकाकडून हे अक्षर आलेली व्यक्ती 'एएस', म्हणजे वाहक. तिला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतही नाही. दोन्ही पालकांकडून आले तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. सुरुवातीला सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तुमचे गाव या पट्ट्यातले असेल, किंवा घरात कोणाला सिकलसेल असेल, तर लग्न ठरवण्याआधी मुलामुलींची ही तपासणी जरूर करून घ्या.