विसार कोणाचा?

घराचा सौदा ठरला, विसार दिला, पावती झाली; पुढें कांहीं कारणानें खरेदीखत झालें नाहीं आणि कसूर घेणाराची ठरली, कीं विकणारानें घेतलेली सर्व रक्कम आपलीच समजावी, असा समज आपल्या व्यापारी मंडळींत रूढ आहे. साठेखतांतील ‘मुदतींत व्यवहार न झाल्यास दिलेली रक्कम जप्त होईल’ हें वाक्य म्हणजे जणूं वेदवाक्यच! हा समज न्यायास धरून नाहीं व कायद्यासही धरून नाहीं, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

1872 सालच्या करार कायद्याचें 74 वें कलम असें सांगतें कीं, करारांत दंडाचा आंकडा लिहिलेला असला तरी तो सरसकट मिळत नाहीं. त्या आंकड्याच्या आंत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. ह्या कलमाची कसोटी दिल्लीच्या एका दाव्यांत लागली. 21 मार्च 1949 रोजीं तेथील एक जमीन व बंगला 1,12,500 रुपयांस विकण्याचा करार झाला. घेणारानें विसाराचे 1,000 व नंतर 24,000 रुपये दिले, ताबाही घेतला; पण मुदतींत खरेदी पुरी झाली नाहीं. विकणारानें सगळे 25,000 रुपये जप्त केले. हायकोर्टानें त्यांपैकीं 11,250 रुपये त्यास ठेवूं दिले. सर्वोच्च न्यायालयानें मात्र 1963 सालीं ठरविलें कीं, विसार काय तो 1,000 रुपयांचा. बाकीचे 24,000 हे किंमतीपैकीं दिलेले पैसे होत. मालमत्तेची किंमत उतरल्याचा पुरावा नाहीं, मग ते ठेवावयाचे कशासाठीं? ताब्याच्या काळाची भरपाई तेवढी निराळी.

विसार म्हणजे शब्द पाळण्याची हमी. व्यवहार पुरा झाला तर तो किंमतींत वळता होतो. घेणाराच्या कसुरीनें मोडला तर बुडतो. परंतु तो बेताचा असला पाहिजे. अर्धी किंमत घेऊन तिला विसार म्हटल्यानें ती विसार होत नाहीं.

कोणी म्हणेल, शब्द मोडणारास मग शासन नको काय? विकणाराचें खरोखर नुकसान झालें असेल तर तें त्यानें दाखवावें आणि भरून घ्यावें. आमची हरकत नाहीं. पण तेंच घर दुसऱ्यास चढ्या भावानें विकावयाचें आणि पहिल्याची आयुष्याची पुंजीही तिजोरींत ठेवावयाची, ह्यास व्यापार म्हणत नाहींत.

तथापि न्यायालयाचा मार्ग लांबचा. वरील दाव्यांत करारापासून अखेरच्या निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षें गेलीं! म्हणून घेणारानें पावतीवर सही होण्यापूर्वींच विसार किती व किंमतीपैकीं किती, हें वेगवेगळें लिहवून घ्यावें. मालकीचे कागद आधीं तपासावे. कर्जावर भिस्त असेल तर तें न मिळाल्यास पैसे परत, अशी अट घालावी. विकणारासही आमचें सांगणें इतकेंच कीं, पेढीची पत दुसऱ्याच्या बुडालेल्या पैशावर उभी राहत नाहीं.