जुळ्यांचं ‘आम्ही’

आमच्या घरात हाका मारल्या जायच्या त्या आम्हा दोघींना मिळून. ‘पोरींनो, जेवायला या.’ ‘पोरींनो, दिवे लागले, घरात या.’ फ्रॉक एकाच ताग्यातले. शाळेत बाईंना ओळखू यावं म्हणून आई माझ्या वेण्यांना लाल रिबिनी बांधायची, बहिणीच्या वेण्यांना पांढऱ्या. मधल्या सुट्टीत आम्ही त्या बदलायचो.

त्यामुळे हुबेहूब जुळ्यांची कादंबरी हाती आली, की लेखकाला आमच्यातलं काही कळलंय का, हे मी आधी बघते. अदलाबदलीची गंमत बहुतेकांना जमते. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाच्या १९४९ सालच्या बालकादंबरीत कुरळ्या केसांची लुइझे आणि वेण्यांची लोटे सुट्टीच्या शिबिरात भेटतात आणि एकमेकींच्या घरी जातात, एक म्युनिकला आईकडे, दुसरी व्हिएन्नाला वडिलांकडे. ‘दो कलियाँ’ या सिनेमातली छोटी नीतू सिंग आठवते ना? फिरत फिरत तिच्यापर्यंत आलेली गोष्ट ती हीच.

पण मला आतून हलवलं ते आगोता क्रिस्तोफ यांनी. या मूळच्या हंगेरीच्या. तिथला १९५६चा उठाव चिरडला गेला तेव्हा एकवीस वर्षांच्या आगोता नवरा आणि तान्ह्या मुलीसह रात्री पायी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आल्या. पुढे स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या कारखान्यात राबल्या, फ्रेंच शिकल्या आणि १९८६ साली त्या परक्या भाषेत त्यांनी ‘मोठी वही’ ही कादंबरी आणली, तीन भागांतला पहिला भाग.

युद्धाच्या दिवसांत आई दोन जुळ्या मुलांना सीमेजवळच्या गावी आजीकडे ठेवून जाते. आजी कठोर, शिव्या घालणारी. मुलं एकमेकांना मारून घेतात, उपाशी राहतात, म्हणजे पुढे काही दुखायला नको. एकमेकांना विषय देऊन निबंध लिहितात. जे घडलं तेवढंच लिहायचं, भावनांचे शब्द बाद. नापास निबंध चुलीत, पास झालेला वहीत. सबंध पुस्तकात त्या दोघांना नावं नाहीत आणि ‘मी’ही नाही. आहे ते फक्त ‘आम्ही’.

फ्रेंचमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीत ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. वाचताना माझ्या मनात पहिल्या ओळीपासून ‘आम्ही’च उमटलं. आजी, पाद्री, सैनिक, वाचक, सगळे बाहेर. शेवटी एक जण सुरुंगांची सीमा ओलांडून जातो, दुसरा आजीच्या घरी परततो. त्यांची नावं, लुकास आणि क्लाउस, पुढच्या भागात कळतात. रोमन लिपीत दोन्ही नावांत तीच पाच अक्षरं. ‘मी’ म्हणून ते बोलतात, ते थेट तिसऱ्या भागात, १९९१ साली.

लग्न होऊन बहीण बेळगावला गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘जेवलीस का गं?’ मी म्हटलं, ‘हो काकू, आम्ही जेवलो.’