नवी ट्यूब, जरा जपून!

पगार झाला, सेल लागला आणि कार्टमध्ये चार बाटल्या आपोआप जाऊन बसल्या. होतं ना असं? 'ऑर्डर' बटण दाबायच्या आधी हे वाचाच.

महिन्याची एक तारीख. पगाराचा मेसेज येतो आणि त्याच्या मागोमाग सेलचा. लंच टाइममध्ये डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडला जातो आणि 'दोनावर एक फ्री'च्या नादात एक सिरम, एक टोनर, कॉफीच्या वासाचा बॉडी स्क्रब असं काहीबाही मागवलं जातं. चार दिवसांत खोकं येतं. आणखी आठवड्याभरात दुसरी एक पाहुणी येते. हनुवटीवर. लाल, ठणकणारी. मग तिच्यावर उपाय म्हणून आपण अजून एक ट्यूब मागवतो!

मागच्या दिवाळीत मी बाथरूमचं शेल्फ आवरायला काढलं तर एकोणीस नग निघाले. त्यातले सात अर्धेच वापरलेले, दोन तर सीलसुद्धा न फोडलेले. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "चेहरा एकच आहे ना गं तुला?"

माझं नुकसान फक्त पैशांचं झालं. हिंजवडीत माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या मैत्रिणीचं तेवढ्यावर भागलं नाही.

तिचा साखरपुडा ठरला आणि नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंनी तिला एक पांढरी डबी दिली. "रोज रात्री लाव, आठवड्यात फरक बघ." डबीवर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. फक्त झाकणावर पेनाने 'नाइट' लिहिलेलं. आणि खरं सांगते, आठवड्यात फरक पडला! डाग फिके झाले, चेहरा असा तुकतुकीत की ऑफिसमधल्या आम्ही तिघींनी ताईंचा नंबर मागितला. (हो, त्या तिघींत मीही होते.) साखरपुड्याचे फोटो अप्रतिम आले. त्यानंतर दोन महिन्यांनी डबी संपली आणि चार दिवसांत तिचा चेहरा पेटल्यासारखा लाल झाला. ऊन सोडा, ट्यूबलाइटखालीसुद्धा चरचरायला लागलं. पुरळ आलं, गालांवर बारीक लव दिसायला लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी रिकामी डबी उलटसुलट करून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस लावत होतात?" त्यांच्या मते त्यात स्टिरॉइड होतं.

आता हे स्टिरॉइड म्हणजे काही विष नव्हे. एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर ते देतात, पण मोजून, ठरावीक दिवस. चेहऱ्यावर लावलं की ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, सूज आणि लाली दाबून टाकतं. म्हणून तो चटकन दिसणारा 'ग्लो'! पण महिनोन् महिने लावत राहिलं तर त्वचा पातळ होत जाते आणि बंद केलं की दबलेलं सगळं दुपटीने उसळतं. मग माणूस घाबरून पुन्हा तीच डबी उघडतो. सुटका होत नाही ती अशी. २०१८ मध्ये सरकारने चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर हे ठीकच आहे. झाकणावर पेनाने 'नाइट' लिहिलेल्या डबीला कुठलं शेड्यूल?

दुसरा प्रकार तर याहून वाईट. २०२२ मध्ये अकोल्यात एकाच घरातल्या तिघीजणींना किडनीचा आजार झाला. तिघी एकच फेअरनेस क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रियाच अडवतो, म्हणून गोरेपणा दिसतो खरा. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीची गाळणी बिघडवतो. लघवीतून प्रोटीन जायला लागतं, चेहरा आणि पाय सुजतात. आपल्याकडच्या २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांत क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला परवानगीच नाही. चुकून राहिलाच तर दहा लाखांत एक भाग, एवढीच मर्यादा. त्या नियमांत डोळ्यांभोवतीच्या मेकअपसाठी ती बरीच जास्त आहे.

गंमत बघा, 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आपल्याकडे आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. जाहिरातीतल्या मुलीही आता गोऱ्या न होता 'ब्राइट' होतात. शब्द बदलले, घाई तीच आहे. तीन दिवसांत फरक दाखवणाऱ्या कुठल्याही क्रीमकडे मी आता आधी संशयानेच बघते. मुरमांवरच्या औषधाला दीड-दोन महिने लागतात आणि डागांना तर तीन-तीन महिने. त्वचेचा वरचा थर बदलायलाच महिनाभर लागतो, ती तरी काय करणार!

खोकं उलटं करा

आपण सगळे पुढची बाजू वाचतो. 'नॅचरल', 'केमिकल फ्री', 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड'. यातल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ टेस्ट केली, एवढाच. निकाल काय लागला ते कोणी छापत नाही. आणि केमिकल फ्रीचं म्हणाल तर पाणीसुद्धा केमिकलच आहे हो.

खरी माहिती मागच्या बाजूला असते, मुंगीच्या अक्षरात. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि 'यूज बिफोर' हे सगळं असायलाच हवं. परदेशी माल असेल तर भारतात कोणी आयात केला त्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. 'कोरियाहून थेट आणलंय' म्हणून कोणी विकत असेल आणि खोक्यावर यातलं काहीच नसेल, तर प्लीज, हात जोडून सांगते, नको.

मग घटकांची यादी. ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. ज्या केशर-चंदनासाठी तुम्ही पाचशे रुपये मोजताय ते यादीत सुगंधाच्याही खाली असेल, तर नावापुरतंच आहे समजा. आणखी एक छोटीशी खूण शोधा, उघड्या डबीचं चित्र आणि त्यात सहा किंवा बारा आकडा. सील फोडल्यापासून तितकेच महिने ते वापरायचं. फोडल्याची तारीख मी मार्करने बाटलीच्या बुडाला लिहिते. किमतीचं म्हणाल तर हल्ली पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भावही छापलेला असतो. तीस मिलिची इवलीशी ६०० रुपयांची बाटली म्हणजे मिलिला वीस रुपये! घ्यायची तर घ्या, पण कळून घ्या.

एका वेळी एकच

नवीन चार वस्तू एकाच रविवारी सुरू केल्या आणि बुधवारी चेहरा खाजायला लागला, तर दोष कोणाला देणार? म्हणून एक आणायची, निदान दोन आठवडे तीच वापरायची, मग दुसरी. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. खाज नाही, लाली नाही, तर मग चेहरा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण केस रंगवण्याआधी पाकिटावर लिहिलेली टेस्ट आपण करत नाही, निदान इथे तरी करू.

सिरमबद्दल फार बोलत नाही, त्यावर रोज कोणी ना कोणी रील टाकतंच. दोनच गोष्टी सांगते. दहा टक्के नायसिनामाइड पाच टक्क्यांच्या दुप्पट काम करतं असं नाही, चुरचुरतं मात्र जास्त. आणि रेटिनॉल रात्रीच लावायचं, आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरुवात करायची. बाळाचा विचार चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर अजिबात नको.

साबणाच्या वेष्टनावरचा आकडा

चेहऱ्यावर हजारो रुपये घालवणारे आपण अंगाला मात्र बादलीशेजारी जो साबण असेल तो लावतो. माझा भाऊ तर त्याच वडीने केस, दाढी आणि पाय सगळंच धुतो! (मुलांनो, पान उलटू नका. हे तुमच्यासाठीही आहे.)

वेष्टनावर 'टीएफएम' असा शब्द आणि पुढे टक्केवारी असते. म्हणजे साबणात तेला-तुपापासून आलेला भाग किती. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर 'टॉयलेट सोप' ग्रेड १, ७० टक्क्यांपासून ग्रेड २, ६० पासून ग्रेड ३. आता तुमच्या घरातली वडी बघा. बऱ्याच नामांकित वड्यांवर 'टॉयलेट सोप' नाही, 'बेदिंग बार' लिहिलेलं सापडेल. त्याचं मानकच वेगळं आहे आणि त्यात ४० टक्के टीएफएमही चालतं. वाईट असतो असं नाही, पण ग्रेड १च्या भावात तो घेऊ नका.

कुठल्याही साबणाचा स्वभाव अल्कलीचा, पीएच नऊ-दहाच्या घरात. आपली त्वचा किंचित आम्ल, पाचच्या आसपास. त्यात तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर साबण फेस धरत नाही आणि बादलीला जो पांढरा थर चढतो तोच अंगावरही बसतो. डिसेंबरात पायांवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उठते ना? त्याचं कारण निम्म्या वेळा हेच. अशा पाण्यात 'सिन्डेट' बार किंवा सौम्य बॉडी वॉश बरा, कारण तो थर धरत नाही. ते परवडत नसेल तर साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. बाकी अंगाला रोज घासायची गरज नसते, स्क्रबची तर नाहीच. दिवाळीत वर्षातून एकदा उटणं लावायची आपली पद्धत शहाणपणाची होती म्हणायची. आधी तेल आणि मग उटणं, हेही विसरू नका!

आंघोळीनंतर अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच लोशन. ग्लिसरीनवालं साधं लोशन छान चालतं. टाचांना भेगा असतील तर दहा टक्के युरियाची क्रीम मेडिकलमध्ये मागा. मुंबईकरांनो, तुमच्या दमट हवेत एवढं नको. हलकं जेल पुरे, पण दिवसभर एसीत बसत असाल तर तेही चुकवू नका.

सनस्क्रीन हा एकच खर्च मी डोळे झाकून करते. एसपीएफ ३० घेतलं तर यूव्ही-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० घेतलं तर ९८. म्हणजे आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला हवी. तुमची सहा महिने पुरते? मग तुम्ही लावत नाही, नुसती दाखवताय. आणि हो, पुण्याचा जगप्रसिद्ध स्कार्फ! तो कुठल्याही ट्यूबइतकाच कामाचा. फक्त आठवड्यातून दोनदा तरी धुवा. हनुवटीवरच्या त्या लाल पाहुणीचं माहेर बरेचदा तिथेच असतं.

जाता जाता मानेचं सांगते. मानेमागे, काखेत मखमलीसारखा काळसर जाड पट्टा दिसतो तेव्हा लोक लिंबू घासतात, 'व्हाइटनिंग' रोलऑन आणतात. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टे उठतात, ते आधी थांबवा. आणि तो पट्टा बऱ्याचदा मळ नसतोच. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. डेस्कवर दहा तास बसणाऱ्या, रात्री अकराला बिर्याणी मागवणाऱ्या आपल्यासारख्यांनी अशा वेळी क्रीमच्या पैशात शुगर तपासून घ्यावी.

माझी मैत्रीण आता बरी आहे. पाच महिने गेले. मेमध्ये लग्न झालं तेव्हा लाली पूर्ण गेलेली नव्हती. मेकअपवालीने हलका हात ठेवला आणि फोटोग्राफरने थोडी मदत केली. तिच्या शेल्फवर सध्या तीनच वस्तू आहेत, सौम्य फेसवॉश, डॉक्टरांनी सांगितलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. गेल्या सोमवारी तिने चौथी आणली, डॉक्टरांना फोटो पाठवून, विचारून. उघडल्याची तारीख बुडाला लिहिली आणि कानामागे लावून ऑफिसला आली. दर तासाने मला केस बाजूला करून विचारते, "बघ गं, लाल दिसतंय का?"

कालपर्यंत तरी नव्हतं.