इंग्रजी शब्द : फोड आणि जोड

इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो. त्यातून घरातला कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच मुलगा असला, तर त्याची स्थिती अधिकच अवघड. माझे वडील लकडगंजातील एका आरामशीनवर कामाला आहेत. त्यांची शाळा सातवीतच सुटली. कोठलाही इंग्रजी कागद आला की ‘आमचा पोरगा वाचते’ असे ते चारचौघांत सांगतात, आणि मला मात्र घाम फुटतो.

बारावीपर्यंत मी लांबलचक शब्द पाठ करीत असे. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट! प्रथम वर्षात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘ट्रान्सपोर्टेशन’ हा शब्द लिहून विचारले, “यात तुकडे किती?” ट्रान्सपोर्टच्या पाट्या मी लहानपणापासून पाहत आलो, पण तो शब्द सांधलेला आहे हे त्या दिवशी कळले. ट्रान्स म्हणजे पलीकडे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे, आणि शेवटचा एशन हा तुकडा क्रियेचे नाव तयार करतो. मधला पोर्ट लॅटिन भाषेतून आला आहे. त्याला ‘एक्स’ लावला की माल बाहेर जातो, ‘इम’ लावला की आत येतो; ओझे वाहणारा तो पोर्टर, सहज नेता येते ते पोर्टेबल, आणि खालून भार पेलणे म्हणजे सपोर्ट. एक मूळ कळले आणि सहा शब्द पदरात पडले.

मित्रहो, हे आपल्याला नवीन नाही. आहार, विहार, प्रहार, संहार हे सारे एकाच ‘हृ’ धातूपासून झाले आहेत. शब्दाच्या आधी लागतो तो उपसर्ग आणि नंतर लागतो तो प्रत्यय, हे आपण शाळेत शिकलो. मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त शब्दसिद्धीचे स्वतंत्र विवेचन आहे. आपण परीक्षेत ‘नापास’ होतो, तो शब्दच पाहा ना! ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी, आणि दुःख मात्र अस्सल मराठी.

इंग्रजीत संधीही आहे. ‘नाही’ या अर्थाचा इन हा उपसर्ग ‘पॉसिबल’च्या आधी इम होतो, ‘लीगल’च्या आधी इल होतो, तर ‘रेग्युलर’च्या आधी इर होतो. आपल्याकडे उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तसाच हा प्रकार. एवढेच नव्हे, तर आपला अ किंवा अन् (अशक्य, अनादर), लॅटिनमधून आलेला इन आणि इंग्रजीचा स्वतःचा अन (अनहॅपी) हे एकाच प्राचीन मुळाचे वंशज आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडला होता. आपला दंत आणि डेंटिस्टमधला डेंट हे असेच दूरचे भाऊ आहेत.

हे कळल्यावर मला जणू किल्लीच सापडली. दिसेल त्या शब्दाची मी फोड करू लागलो. येथेच माझी फजिती झाली.

आरामशीनला लागूनच फर्निचरचे काम चालते. गेल्या उन्हाळ्यात मी बाबांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा तेथे थिनरचा एक नवा डबा आला होता. बाबांनी विचारले, “काय लिहून आहे रे यावर?” वर मोठ्या अक्षरांत ‘हायली इनफ्लेमेबल’ असे होते. मी ऐटीत फोड केली : इन म्हणजे नाही, फ्लेम म्हणजे ज्वाळा, एबल म्हणजे होण्याजोगे. “बाबा, हे मुळीच पेट घेत नाही.” बाबांनी विश्वासाने तो डबा चहाच्या स्टोव्हजवळच्या फळीवर ठेवला. आजूबाजूला भुसा आणि छिलपे पडलेली होती.

थोड्या वेळाने मिस्त्रीकाका आले आणि ओरडलेच, “कोणं ठेवला बे हा डबा इथं? याच्या वाफेनंच आग लागते!” डबा लगेच हलविला गेला आणि काही विपरीत घडले नाही. बाबा मला तेथे काहीच बोलले नाहीत. घरी येताना एवढेच म्हणाले, “पाहून सांगत जा बेटा. आम्ही तुह्यावर भरवसा ठेवतो.”

दुसऱ्याच दिवशी मी ग्रंथालयात शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये इन हे उपसर्ग दोन आहेत. एक ‘नाही’ या अर्थाचा आणि दुसरा ‘आत’ या अर्थाचा. इनफ्लेमेबलमध्ये दुसरा आहे. तो शब्द ‘पेटविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. म्हणजे ‘हायली इनफ्लेमेबल’चा अर्थ अतिशय ज्वालाग्राही! माझ्यासारखी चूक इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही होऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा निःसंदिग्ध शब्द वापरावा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात.

एकच रूप आणि अर्थ वेगळे, हे तर आपल्या लकडगंजच्या नावातही आहे. लोखंडावर चढतो तो गंज, आपल्या विदर्भात आई भाजी शिजविते तोही गंज, आणि लकडगंजमधला गंज म्हणजे बाजार. तो फारसीतून आला. नुसत्या तुकड्यावरून अर्थ लावला, तर लकडगंज म्हणजे लाकडाचे पातेले व्हायचे!

कधी तुकडे बरोबर असूनही अर्थ पुढे सरकलेला असतो. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे. अगदी आपल्या ‘अमूल्य’सारखे. आणि कधी तुकडा नसतोच. ‘अंकल’मध्ये अन हा उपसर्ग नाही, जसा आपल्या ‘अननसा’त अन् नाही.

तेव्हा माझी मित्रांना एवढीच विनंती आहे की, शब्दांची फोड अवश्य करा, त्याने पाठांतराचे ओझे खरोखरच हलके होते. पण फोड करून निघालेला अर्थ हा अंदाज समजा, वाक्याशी ताडून पाहा आणि मग शब्दकोश उघडा. आपल्यासारख्यांचा शब्द घरी कोणी तपासून पाहत नाही, त्यावर सरळ विश्वास ठेवतात. म्हणून तो तपासण्याची जबाबदारी आपलीच आहे. मी आता एक जुना शब्दकोश विकत घेतला आहे. बाबांनी त्याला आरामशीनवरच्या सागाच्या तुकड्यांची एक लहानशी फळी करून दिली आहे.